खरा धर्म कोणता? महाराष्ट्रातील काही शोधकांची वाट



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. तो एका मुलाच्या प्रश्नातून तयार झाला आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीच्या वर्गात मधल्या सुट्टीत डब्यावरून भांडण झालं. एकाने आपल्या डब्यातली भाजी दुसऱ्यापुढे केली. दुसरा म्हणाला, "नको, आमच्यात तुमच्याकडचं चालत नाही." पहिल्याला ते लागलं. शब्दाने शब्द वाढत गेला आणि भाजीवरून निघालेली गोष्ट थेट देवाधर्मापर्यंत पोचली. सुट्टीनंतर मी वर्गात गेले तेव्हा दोघांचेही चेहरे लाल झालेले होते. मी समजावायला सुरुवात केली, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो फारसं बोलत नाही. तो म्हणाला, "बाई, एकदाचं सांगून टाका ना. देवाला नक्की कोणता धर्म पसंत आहे?"

मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं, "अरे, सगळे धर्म सारखेच असतात."

त्यावर तो म्हणाला, "सारखेच असतील तर मग लोक धर्म बदलतात कशाला? बदलताना एवढा त्रास का सहन करतात?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या सांगते" म्हणून मी धडा पुढे सुरू केला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्या रात्री कपाटातली जुनी पुस्तकं काढून बसले. तेव्हा जाणवलं की आपल्याच महाराष्ट्रात, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी, पुष्कळ माणसांनी अगदी हाच प्रश्न विचारला होता. काहींनी त्यासाठी घर सोडलं, काहींना घराने सोडलं. आजच्या पाठात आपण त्यांच्यापैकी काही जणांची ओळख करून घेणार आहोत. कोणाचं उत्तर बरोबर आणि कोणाचं चूक, हे ठरवण्यासाठी हा पाठ नाही. त्यांनी शोध कसा घेतला, एवढंच आपण नीट बघू या.

१. प्रश्न उभा कसा राहिला?

एकोणिसाव्या शतकाच्या आधीही लोक देवाविषयी विचार करत होतेच. आपल्या संतांनी तर देवाला अगदी घरातल्या माणसासारखे प्रश्न विचारले. पण "मी कोणत्या धर्मात राहू?" हा प्रश्न सर्वसामान्य माणसाला पडत नसे. जन्माला आलो तो धर्म, तीच जात, तोच धंदा. विषय संपला.

इंग्रजी राजवटीत तीन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे छापखाना. पूर्वी पोथी ज्याच्या घरात तोच ती वाचणार. आता पुस्तक विकत मिळू लागलं. दुसरी म्हणजे शाळा. मिशनऱ्यांच्या आणि सरकारी शाळांत निरनिराळ्या जातींची मुलं एकाच खोलीत बसू लागली. तिसरी म्हणजे वादविवाद. मिशनरी हिंदू धर्मावर टीका करत, शास्त्री त्याला उत्तर देत, आणि तरुण मुलं दोन्ही बाजू ऐकून घरी जात. साहजिकच त्यांच्या मनात तुलना सुरू झाली.

१८४९ साली मुंबईत 'परमहंस सभा' नावाची एक गुप्त मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या प्रमुखांपैकी एक. व्याकरणाच्या तासाला आपण ज्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हणतो ना, तेच हे दादोबा. देव एक आहे आणि सर्व माणसं त्याची लेकरं आहेत, जातिभेद ही देवाची इच्छा नव्हे, असं या मंडळींचं म्हणणं होतं. पण नुसतं म्हणून भागत नसे. सभेत यायचं तर ज्याच्या हातचं खाणं निषिद्ध मानलं जाई, अशा माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागे.

बघा, शोध कुठून सुरू झाला? पावाच्या तुकड्यापासून! आपल्या वर्गातलं भांडणही डब्यावरूनच झालं होतं.

ही सभा फार टिकली नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि लोकनिंदेच्या भीतीने मंडळी पांगली. बंद दाराआड जात मोडणारी माणसं दार उघडताच घाबरली. पण विचार संपला नाही. पुढे ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईतच प्रार्थना समाज स्थापन झाला, तो मात्र उघडपणे. त्याचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे दादोबांचेच धाकटे भाऊ. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर पुढे या समाजाचे आधारस्तंभ झाले.

२. महात्मा जोतीराव फुले : एकाच घरात चार धर्म

जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती धर्माची त्यांना चांगली ओळख होती. बुद्ध, महंमद पैगंबर यांच्याविषयीही त्यांना आदर होता. पण ते स्वतः कोणत्याही प्रस्थापित धर्मात गेले नाहीत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. नावातच बघा, 'सत्य सापडलेल्यांचा समाज' असं नाही, 'सत्यशोधक' असं आहे.

जग निर्माण करणाऱ्याला जोतीराव 'निर्मिक' म्हणत. त्यांचं म्हणणं साधं होतं. निर्मिकाने सूर्य, पाऊस, हवा सगळ्यांना सारखी दिली. मग त्याला पोचायला मध्ये दलाल कशाला? आणि बाई, शूद्र, अतिशूद्र यांना कमी लेखणारं पुस्तक त्याने लिहिलं असेल, असं कसं मानायचं?

१८८८ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्य धर्म' हे पुस्तक पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झालं.

या पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून तो धर्म स्वीकारला. नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती धर्म घेतला. मुलीला कुराण पटलं म्हणून ती मुसलमान झाली, आणि मुलगा सार्वजनिक सत्य धर्माचा झाला. या चौघांनी एकमेकांचा हेवा न करता, एकाच निर्मिकाची लेकरं म्हणून गोडीगुलाबीने एका घरात राहावं, असं जोतीराव सांगतात.

मुलांनो, हे पुन्हा एकदा वाचा. चौघांनीही आधी पुस्तक वाचलं आहे आणि मग आपल्या पसंतीने निर्णय घेतला आहे, बाईनेसुद्धा आणि मुलीनेसुद्धा! ज्या काळात मुलीला नवरा निवडता येत नव्हता, त्या काळात जोतीराव तिला धर्म निवडायला सांगत होते.

३. पंडिता रमाबाई : भूक, ग्रंथ आणि एक प्रश्न

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवणं पाप मानलं जाई, त्या काळात त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्या माउलीने मुलीला. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरत असे. धर्मात सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. दानं दिली, उपास केले, देवदर्शनं केली. जवळचा पैसा संपला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. मग बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

दोघं भावंडं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं ज्ञान बघून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथेच ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सुचवलं. एवढी पंडिता, पण बाई म्हणून तोवर तिने वेदाला हात लावलेला नव्हता! जसजशा त्या धर्मशास्त्रं वाचत गेल्या, तसतशी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ग्रंथांचं एकमेकांशी कशातच जुळत नाही; पण बाई आणि शूद्र यांना कमी लेखण्याच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत आहे, असं त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवलं.

लग्न झालं, मुलगी झाली आणि १८८२ मध्ये पती वारले. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती भगिनींचं एक काम पाहिलं. समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना या भगिनी आश्रय देत, प्रेमाने वागवत, पुन्हा उभं करत. रमाबाईंना धक्का बसला. अशा बाईला आपल्याकडे कोणी उंबऱ्याशी उभंही करत नाही, आणि इथे तिची सेवा हीच देवाची सेवा समजतात! हे कुठून आलं, असं त्यांनी विचारलं. उत्तर शोधता शोधता त्या ख्रिस्ताच्या चरित्रापाशी पोचल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पण शोध तिथे थांबला नाही. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्या धर्मतत्त्वांवरून वाद घालत राहिल्या. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. आपली सदसद्विवेकबुद्धी त्या कोणाच्याच हवाली करायला तयार नव्हत्या, शास्त्र्यांच्याही नाही आणि पाद्र्यांच्याही नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढे ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये तिथल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून मोठं वादळ उठलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचा विचार करायला हवा. आपल्या मुलीचा धर्म जाईल, ही पालकांची भीती खरी होती. आणि ज्या विधवेला घरात कोणी विचारत नव्हतं तिला रमाबाईंनी पाटी-पेन्सिल दिली, हेही खरं होतं. पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना आणि बायकांना त्यांनी तिथे आणलं. दुष्काळाने ज्यांचं घर संपवलं, त्या रमाबाई दुष्काळात इतरांसाठी घर झाल्या.

४. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई : एका घरातले दोन शोध

'केवढे हे क्रौर्य' ही पक्षिणीची कविता तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल, विचारून बघा. ती लिहिणारे कवी म्हणजे ना. वा. टिळक. कोकणातल्या करजगावचा त्यांचा जन्म. स्वभावाने अस्वस्थ. कोणत्याही एका पंथात मन रमेना म्हणून आपल्यापुरता धर्म कसा असावा, याची तत्त्वं त्यांनी स्वतःच मांडून पाहिली होती.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक अनोळखी गोरा प्रवासी भेटला. कवितेवरून गप्पा सुरू झाल्या. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना 'नवा करार' दिला आणि तो वाचायचं वचन घेतलं. टिळकांनी दिलेला शब्द पाळला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवरही प्रेम करा, ही शिकवण त्यांच्या मनात घर करून बसली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची गोष्ट टिळकांची झाली. आता लक्ष्मीबाईंकडे बघा. लग्नात अकरा-बारा वर्षांच्या असलेल्या, फारसं शिक्षण नसलेल्या, सोवळ्यात वाढलेल्या या बाईला एके दिवशी कळलं की नवरा ख्रिस्ती झाला. पदरात लहान मुलगा. घरात आकांत झाला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरात काढला. टिळकांनी सत्यासाठी त्याग केला, असं आपण सहज म्हणतो. पण त्या त्यागाचा निम्म्याहून जास्त भार लक्ष्मीबाईंनी उचलला होता, आणि तोही कोणी न विचारता!

पुढे त्या टिळकांकडे नगरला राहायला गेल्या, पण आपली चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्यावर धर्मासाठी सक्ती केली नाही. हळूहळू त्यांचा त्यांनीच विचार केला. जात देवाने केली की माणसाने? ती माणसाने केली आहे, हे त्यांना स्वतःला पटलं. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. नवऱ्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सारं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहिलं आहे. तक्रारीचा सूर नाही, उलट पानोपानी हसू येतं. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. जमेल तेव्हा मुळातून वाचा.

टिळकही बाप्तिस्म्यानंतर स्वस्थ बसले नाहीत. मिशनचा परदेशी थाट त्यांना खटके. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तनं केली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचं निधन झालं.

५. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : न बदलता केलेला शोध

शोध घेतला म्हणजे धर्म बदललाच पाहिजे, असं नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीला झाला. घरात वारकरी वळणाची भक्ती. शिकताना ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले. १९०१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करायला गेले आणि १९०३ मध्ये परत आले.

जगातले धर्म अभ्यासून आलेल्या माणसाने परतल्यावर काय केलं? मोठमोठी व्याख्यानं देऊन तो नाव कमावू शकला असता. शिंदे अस्पृश्य वस्त्यांत गेले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी' स्थापन केली. शाळा काढल्या, वसतिगृहं काढली. त्यांच्या भगिनी जनाक्का या कामात त्यांच्या बरोबरीने राबल्या. या कामापायी स्वतःच्या जातीतले लोक त्यांच्यावर रुष्ट झाले, आणि ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्याशीही पुढे मतभेद झाले. दोन्हीकडून बोलणी खाऊनही त्यांनी काम सोडलं नाही.

६. डॉ. बाबासाहेब आंबेडकर : एकवीस वर्षांचा अभ्यास

१९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षं चालला. पाणीही नाकारलं आणि देवही नाकारला. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो, ते माझ्या हातात नव्हतं. पण हिंदू म्हणून मरणार नाही.

आता तारखांकडे लक्ष द्या. घोषणा १९३५ ची आणि धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये गेली एकवीस वर्षं! निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांना आपल्याकडे बोलवत होते. शीख धर्माचा त्यांनी गंभीरपणे विचार केला होता. पण घाई केली नाही. लाखो माणसं आपल्यामागे येणार आहेत, याची त्यांना जाणीव होती.

१९५० मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या मांडल्या. समाजाला नीतीचा आधार हवा आणि तो धर्माने द्यावा. धर्म बुद्धीला पटणारा असावा. त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मानावी. आणि गरिबीला त्याने पवित्र ठरवू नये. या कसोट्यांवर त्यांना बुद्धाचा धम्म उतरला.

इथे एक गंमत लक्षात आली का? आपल्या मुलाचा प्रश्न होता, "देवाला कोणता धर्म पसंत आहे?" पण बुद्धाच्या धम्मात जग निर्माण करणारा देवच केंद्रस्थानी नाही! बाबासाहेबांनी प्रश्नच फिरवला. माणूस माणसाशी कसा वागतो, याला त्यांनी धर्माच्या मध्यभागी आणून ठेवलं.

७. या साऱ्यांतून काय दिसते?

जोतीरावांनी नवा सत्य धर्म सांगितला. रमाबाई, टिळक आणि लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या-झाले. शिंदे प्रार्थना समाजात राहिले. बाबासाहेब बौद्ध झाले. उत्तरं वेगवेगळी आहेत आणि ती ओढून-ताणून एक करण्यात अर्थ नाही. रमाबाईंना शिंद्यांचं उत्तर पुरलं नसतं, आणि बाबासाहेबांना रमाबाईंचं.

तरीही तीन गोष्टी सगळ्यांत दिसतात.

पहिली : प्रत्येकाने स्वतः वाचलं आणि स्वतः विचार केला. ऐकीव गोष्टींवर कोणी विसंबलं नाही. लक्ष्मीबाईंना वाचायला यायलाही वेळ लागला, पण विचार त्यांचा स्वतःचा होता.

दुसरी : प्रत्येकाची कसोटी जमिनीवरची होती. ताटात कोण बसतं? विहिरीवर कोणाला येऊ देतात? टाकलेल्या बाईला कोण उचलतं? देवाची इच्छा काय आहे हे ग्रंथात शोधायचं, पण ती पाळली जाते की नाही हे माणसांत बघायचं, अशी ही रीत आहे.

तिसरी : प्रत्येकाने किंमत स्वतः मोजली, आणि निवड केल्यावरही प्रश्न विचारणं सोडलं नाही. रमाबाई चर्चशी भांडल्या, टिळकांनी मिशन सोडलं. आपण निवडलेल्या घरातही केर काढावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

८. पुन्हा वर्गात

दुसऱ्या दिवशी नाही, पण आठवडाभराने मी वर्गात हे सगळं सांगितलं. आधी माझी चूक कबूल केली. "सगळे धर्म सारखेच" हे उत्तर मी विषय मिटवण्यासाठी दिलं होतं. ज्यांनी त्या प्रश्नापायी घरदार पणाला लावलं, त्यांना ते उत्तर दिलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं?

सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून पुन्हा प्रश्न आला, "पण बाई, शेवटी उत्तर काय?"

मी म्हणाले, "बाळा, तुझं उत्तर मला देता येणार नाही. माझं आहे, पण ते माझं आहे. तू वाच, मोठा हो, पारख. मात्र तोवर एक काम लगेच करता येण्यासारखं आहे. तू ज्या धर्मात आहेस, तो तुला शेजारच्या बाकावरच्या मुलाशी कसं वागायला लावतो, ते रोज बघत जा."

तो खाली बसला. त्याचं समाधान झालं की नाही, मला सांगता येणार नाही. डब्यावरून भांडलेली दोन मुलं त्यानंतर लगेच जिवलग मित्र झाली, असंही काही घडलं नाही. पण काही दिवसांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना मी बघितलं, "नको" म्हणणाऱ्याने स्वतःच्या डब्यातली चपाती दुसऱ्यापुढे केली होती. घ्यायची की नाही, याचा दुसरा अजून विचार करत होता. मी तिथे थांबले नाही, पुढे निघून गेले.

शब्दार्थ

कसोटी – खरे-खोटे पारखण्याचे साधन
निर्मिक – निर्माण करणारा, परमेश्वर (जोतीरावांचा शब्द)
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेश करतानाचा विधी
सोवळे – धार्मिक शुद्धतेचे आचार
सदसद्विवेकबुद्धी – चांगले आणि वाईट ओळखण्याची आतली शक्ती

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) परमहंस सभा कोणत्या साली स्थापन झाली?
आ) 'सार्वजनिक सत्य धर्म' हे पुस्तक जोतीरावांनी कोणत्या हाताने लिहिले व का?
इ) 'देवाचा दरबार' कोणी सुरू केला?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
अ) जोतीरावांच्या कल्पनेतील कुटुंबाचे वर्णन करा. त्यातील मुलीचा निर्णय त्या काळात विशेष का ठरतो?
आ) टिळकांचा शोध आणि लक्ष्मीबाईंचा शोध यांत कोणता फरक दिसतो?
इ) बाबासाहेबांनी धर्माच्या कोणत्या कसोट्या मांडल्या?

प्र. ३. तुमचे मत लिहा.
१८९३ मध्ये शारदा सदनातून मुली काढून नेणारा पालक आणि तिथे राहू इच्छिणारी मुलगी, या दोघांतील संवाद दहा-बारा ओळींत लिहा. दोघांचीही बाजू प्रामाणिकपणे मांडा.

प्र. ४. उपक्रम
घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा : त्यांच्या लहानपणी कोणाच्या घरी पाणी पीत नसत? ती रीत कधी आणि कशी मोडली? की अजून मोडली नाही? मिळालेली माहिती कोणाचेही नाव न घेता वहीत लिहा. पुढच्या तासाला आपण त्यावर बोलू.